खेळू नका, मोजा

पुण्यात नवा गेम आला की तो कोणी खेळत नाही, तपासतात. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम पडतात त्याचा आकडा लावायचा, हिरोला झाडाखाली उभं करायचं आणि सावल्या 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणल्या तर काय होतं ते पाहायचं. मागून राक्षस येऊन मारून गेला तरी चालेल. आकडा ६० च्या खाली जाता कामा नये.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लॅक मिथ: वूकाँग' यायच्या आठवडाभर आधी त्याचं बेंचमार्क, म्हणजे आपल्या पीसीवर गेम किती वेगानं चालेल ते मोजणारं साधन, फुकट वाटलं गेलं. फुकट! आमच्या ओळखीतल्या काहींचं समाधान तेवढ्यावरच झालं, गेम घ्यायचं राहूनच गेलं.

पुढच्या फेब्रुवारीत 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'नं कडी केली. शिफारस केलेल्या पीसीवर १०८०पीला ६० फ्रेम मिळतील, मात्र फ्रेम जनरेशन चालू ठेवलं तर. म्हणजे दर दोन फ्रेमपैकी एक ग्राफिक्स कार्डानं अंदाजानं रंगवलेली. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत तर एका खऱ्या फ्रेममागे तीन बनावट घालता येतात. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालणं आपल्याला नवं नाही. पण 'आमटी चौपट केली' अशी जाहिरात कोणी केली नव्हती. दिसायला सगळं गुळगुळीत, बटण दाबल्यावर तलवार मात्र पूर्वीच्याच सवडीनं उठते.

त्यात आपला उन्हाळा. परदेशी यूट्यूबर गार खोलीत बसून कार्ड तपासतो. आपण ते बसवतो सदाशिव पेठेतल्या वरच्या मजल्यावर, मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना. कॅबिनेटला कितीही पंखे लावा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा ते आणणार कुठून? कार्ड फार तापलं की आपणहून वेग उतरवतं आणि फ्रेम पडतात. त्याच ५० मालिकेतलं आरटीएक्स ५०९० ऐन भरात ५७५ वॅट खातं आणि ती सगळी उष्णता खोलीतच सोडतं. भारतात ते आलं तेव्हा किंमत होती २,१४,००० रुपये. एसीचं बिल वेगळं.

याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आधी हातात मावणाऱ्या निन्टेन्डो स्विचवर आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवून गेला. त्याला लाखांचं कार्ड लागत नाही. बहुधा म्हणूनच आमच्या कट्ट्यावर तो कोणी तपासायला घेतला नाही.

तेव्हा मंडळी, कार्डावर लाख उधळण्याआधी आहे त्या पीसीवर गेम चालवून पाहा. खरेदीपासून १४ दिवसांत, २ तासांहून कमी खेळला असलात तर स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागता येतात. हे तास पहाटेच्या गारव्यात घालवू नका. भर दुपारी, एसी बंद ठेवून, गेममधल्या सगळ्यात गर्दीच्या गावात शिरा. सरासरी सोडा, सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा आकडा पाहा. आणि गेम सुरू झाल्यावर शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होताना जाणारी मिनिटंही त्या २ तासांतच धरली जातात.