रिडक्शन गिअर तेवढा राहिला

आलापल्लीत कुणाच्या दारात जुनी अँबेसेडर दिसली तर ती एकतर लग्नसराईत भाड्याने जाते, नाहीतर तिच्यात कोंबड्या बसतात. टर्बोभाऊंच्या दारातली अँबेसेडर यांपैकी काहीच करत नाही. तिचं मूळ इंजिन केव्हाच भंगारात गेलं. बोनट वर केलं की आत खनिजाच्या ट्रकमधून उतरलेला टर्बो, आग विझवायच्या सिलिंडरचं कापलेलं नळकांडं, तांब्याच्या नळ्या आणि या सगळ्याला आवळून धरणारी बांधकामाची तार. हे गॅस टर्बाइन आहे. आहे म्हणजे होणार आहे, पण भाऊंच्या व्याकरणात भविष्यकाळ नाही.

असा माणूस फक्त आमच्याकडेच पिकतो असं नाही. कुठे तो पाण्यावर स्कूटर चालवतो, कुठे गच्चीवर हेलिकॉप्टर बांधतो, कुठे चुंबकावर अखंड फिरणारा पंखा दाखवून वीज मंडळाला आव्हान देतो. त्यांच्यात आणि भाऊंमध्ये फरक इतकाच, की ते थापा मारतात आणि भाऊ अक्षरशः खरं बोलतात. थापाड्याला हसून मोकळं होता येतं. खरं बोलणाऱ्याकडे चहा पिऊन पुन्हा बसावं लागतं.

भाऊ मूळचे लेथवाले. उमेदीच्या वयात ते चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे होते आणि तिथे दुरुस्तीसाठी उघडलेलं टर्बाइन त्यांनी पाहिलं. पात्यांच्या रांगांमागून रांगा आणि मधून गेलेला जाडजूड दांडा. मिनिटाला ३,००० फेरे, ना एक कमी ना एक जास्त, कारण देशाची वीज ५० हर्ट्झवर चालते. बाकीचे लोक काम संपल्यावर मजुरी घेऊन घरी आले. भाऊ टर्बाइन घेऊन आले, डोक्यात.

तेव्हापासून पिस्टन या वस्तूबद्दल त्यांच्या मनात वैरभाव आहे. "वर जाते, थांबते. खाली येते, थांबते," ते सांगतात. "मिनिटाले हजारदा थांबनाऱ्या वस्तूच्या भरवशावर आपण चंद्रपूरले जाऊन रायलो गा! टर्बाइनमधी थांबनं नाही. हवा आत, दाब, आग, पातं फिरलं, धूर बाहेर. सगळं एकाच दिशेनं."

एकदा ते समजावत होते, की पात्यांनी मिळवलेल्या ताकदीतले जवळजवळ दोन तृतीयांश पुढचा कॉम्प्रेसर फिरवण्यातच खर्ची पडतात आणि उरेल ते चाकांना. वहिनी चहाचे कप उचलत म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यावानीच. दोन हिस्से सोताले फिरवायले, एक हिस्सा घराले."

"एक तरी येते ना," भाऊ म्हणाले. त्यांना टोमणा कळला नाही असं नाही. आकडा बरोबर होता, म्हणून ते खूश होते.

चौकातल्या टपरीवर संध्याकाळी भाऊंचा दरबार भरतो. समोरून सुरजागडच्या खनिजाचे ट्रक जात असतात, टपरीवरच्या भज्यांवर लाल धूळ बसत असते आणि भाऊ १९५० सालात असतात. त्या वर्षी इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने 'जेट वन' नावाची उघडी दोनआसनी मोटार लोकांपुढे आणली. गॅस टर्बाइनवर चालणारी जगातली पहिली मोटार. युद्धाच्या काळात रोव्हरवाल्यांनी फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनावर काम केलं होतं, ती खाज हातात राहिली होती. १९५२ साली बेल्जियममधल्या याबेके इथल्या सरळ रस्त्यावर स्पेन्सर किंग नावाच्या इंजिनिअरने ती गाडी ताशी २४५ किलोमीटरने पळवली.

"दोनशे पंचेचाळीस!" कुणीतरी भजं हातात धरून म्हणतं. आणि मग तो प्रश्न येतो. भारतात मोटारीबद्दलचं कुठलंही बोलणं याच प्रश्नाला येऊन टेकतं. "अ‍ॅव्हरेज किती देत होती जी?"

भाऊंचा चेहरा उतरतो. खोटं बोलता येत नाही, हीच तर त्यांची अडचण. "लिटरले दोन," ते म्हणतात.

"दोन काय?"

"किलोमीटर."

टपरीवर अशी शांतता पसरते, की ट्रकच्या गिअरचा आवाज ऐकू येतो.

ही शांतता मोडायला भाऊंकडे क्रायस्लर राखून ठेवलेली असते. अमेरिकेच्या या कंपनीने १९६३ पासून ५० टर्बाइन गाड्या सामान्य माणसांना तीन-तीन महिने फुकट वापरायला दिल्या, २०३ जणांना. अंगाचा पत्रा इटलीत ठोकलेला, इंजिन १३० अश्वशक्तीचं, पूर्ण वेगात मिनिटाला ४४,००० च्या वर फेरे. रॉकेल चालायचं, डिझेल चालायचं, खाण्याचं तेलसुद्धा चालायचं. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष अदोल्फो लोपेस मातेओस यांच्यापुढे तर ती टकीलावर चालवून दाखवली होती.

"टकीला म्हणजे?"

"त्यांच्याकडची मोहाची."

या वाक्यावर दरबारात जेवढी जान येते तेवढी २४५ च्या वेगानेही येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. "पन गाडीले पाजन्यावर बंदी आहे का जी?" हा घटनात्मक प्रश्न टपरीवर आजवर सुटलेला नाही. एक जण तर टाकीला तोटी बसवून द्यायलाही तयार आहे, खालच्या बाजूने.

पुढे त्या गाड्यांचं काय झालं हे भाऊ घाईत उरकतात. कंपनीने जवळजवळ सगळ्या मोडीत काढल्या, जेमतेम नऊ उरल्या. १९६७ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत टर्बाइनची गाडी २०० फेऱ्यांपैकी शेवटचे तीन राहिले असताना पुढे होती आणि गिअरबॉक्समधलं एक बेरिंग गेलं. त्यावर भाऊंचं निदान ठरलेलं आहे. "लोकल बेरिंग लावलं असन." टाटांच्या मालकीच्या जग्वारने २०१० साली पॅरिसला सी-एक्स७५ दाखवली, तिच्या पाठीत दोन छोटी टर्बाइनं होती, प्रत्येकाचे फेरे ८०,०००. ती चाकं फिरवत नव्हती, बॅटऱ्या भरत होती. पुढे कंपनीने आधी टर्बाइनं गाळली आणि २०१२ अखेर गाडीच गुंडाळली. भाऊ हे सांगताना टाटांवर रागावत नाहीत. समव्यवसायी माणसाची अडचण समजून घेतात. "त्यायनं दोन लावले. दोन सांभाळनं जड जाते. मी एकच लावून रायलो."

मला यात भाऊंची बाजू थोडी पटते. रोव्हर, क्रायस्लर, जग्वार यांनी अमाप पैसे ओतून जे सिद्ध केलं तेच भाऊ वहिनींच्या भिशीतून सिद्ध करत आहेत. कुणी त्या कंपन्यांना वेडं म्हणत नाही, त्यांच्या गाड्या संग्रहालयात ठेवतात. भाऊंच्या गाडीवर शेजारी गोधड्या वाळत घालतात.

टर्बाइन मोटारीत का रुजलं नाही, याचं उत्तर आलापल्लीच्या चौकात उभं राहिलं की पाच मिनिटांत मिळतं. टर्बाइनला एकाच वेगाने, भरपूर ओझ्यावर, तासन् तास चालायला आवडतं. म्हणून ते विमानात, जहाजात, उरणच्या गॅसवरच्या वीज केंद्रात सुखाने नांदतं. आमच्या रस्त्यावर त्याला सिरोंच्याकडे वळायचं तर आधी ट्रकच्या रांगेमागे उभं राहावं लागेल, मग खड्डा, मग गाय, मग वन विभागाचा नाका. आणि हे यंत्र नुसतं उभं असतानाही मिनिटाला वीसेक हजार फेरे घेत तेल पीत बसतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर विचार करून सेकंदा-दीड सेकंदाने उत्तर देतं. तेवढ्यात गाय परत आलेली असते.

हे भाऊंना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "रस्ता सुधरन कधीतरी." म्हणजे त्यांच्याही व्याकरणात भविष्यकाळ आहे, फक्त तो बांधकाम खात्यासाठी राखीव आहे. कायद्याचंही त्यांनी पाहून ठेवलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही. भाऊंचा युक्तिवाद असा, की रचना बदलली म्हणायला गाडी चालली पाहिजे. जी चालतच नाही तिची रचना कुठली? डॅशबोर्ड मात्र सागवानाचा तयार आहे. ज्या जंगलांचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं, तिथलंच, पावतीसकट.

चाचणी असते तेव्हा आम्ही बघायला जातो. गेल्या एप्रिलमधली चाचणी अशी झाली. आधी तेलाचा पंप सुरू. टर्बोचा दांडा बेरिंगला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल नसेल तर काही सेकंदांत सगळं जळून जाईल. मग फायर वॉचर असलेल्या भाच्याने पाठीवरचा ब्लोअर टर्बोच्या तोंडाला लावला. हा ब्लोअर जंगलातला पालापाचोळा उडवून वणवा अडवायला असतो. आमच्याकडे तो आग पेटवायला आला होता. वहिनींच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर, स्कूटरचा स्पार्क प्लग. भाऊंनी हात वर केला. भप्प! आणि मग एक शिट्टी. आधी बारीक, मग वर वर चढत जाणारी. कुत्री भुंकायची थांबली. भाऊंनी ब्लोअर काढायची खूण केली, आणि यंत्र विझलं नाही. स्वतःच हवा ओढत, स्वतःच दाबत, ते डिझेलवर गेलं. मागच्या नळीतून निघालेल्या गरम झोताने भाच्याची टोपी कुंपणापार गेली. भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेलही.

बंद झाल्यावर त्यांनी हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडलं. तारीख, तेलाचा दाब, तापमान. आवाज : समाधानकारक. 'अ‍ॅव्हरेज' हा रकाना नेहमीप्रमाणे कोरा.

कारण गाडी हलली नाही. हलणार नाहीच. ताशी साठच्या वेगाला मोटारीचं चाक मिनिटाला साधारण पाचशे फेरे घेतं आणि भाऊंचं पातं लाखाच्या घरात. या दोघांचं लग्न लावणारा रिडक्शन गिअर तेवढा राहिलाय. बाकी सगळं झालंय. गेली कित्येक वर्षं बाकी सगळं झालंय.

मध्यंतरी वहिनींचा भाऊ नागपूरहून आला. हिंगण्याच्या एमआयडीसीत गिअर कापायच्या कारखान्यात तो फोरमन आहे. त्याने माप घेतलं, कागदावर दात मोजले आणि म्हणाला, "दाजी, महिनाभरात पाठवतो." वहिनींनी पुरणपोळी केली. भाऊ जेवले, पण गप्प. रात्री बाहेर खाटेवर मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पन घाई करते. दातांचा कोन त्याले समजला नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्याला इतके प्रश्न विचारले, की तो दुपारच्या ऐवजी सकाळच्याच एसटीने परत गेला. गिअर आला असता तर गाडी चालली असती. गाडी चालली असती तर तिच्यात बसून कुठेतरी जावं लागलं असतं, आणि भाऊंना कुठेही जायचं नाही.

त्या चाचणीचा खरा परिणाम मात्र आम्हा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. शेजारच्या आजीने पहाटे वेचून आणलेली मोहफुलं अंगणात पसरली होती. झोताने निम्मी उडून भिंतीच्या कोपऱ्यात साचली. भांडण होणार म्हणून भाचा आधीच सटकला. आजी आली, वाकली, मूठभर फुलं उचलून दाबून पाहिली. तीन दिवसांचं ऊन दहा मिनिटांत लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दोन टोपल्या घेऊन फाटकात उभी. "आज लावत नाही का गा तुही मोटार?"

"आजी, ते इंजिन आहे. वाळवन नाही."

"मंग काय झालं? मोटार तं चालत नाही. फुलं तं वाळते."

भाऊ तिच्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपल्यांकडे पाहिलं, मागच्या नळीकडे पाहिलं, मग कुंपणापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. भाच्याला हाक मारली. अर्ध्या तासाने शिट्टी बंद झाली तेव्हा गल्लीतल्या आणखी तिघी टोपल्या घेऊन रांगेत होत्या, आणि भाऊ रजिस्टर उघडून, पेन्सिल ओली करून, अ‍ॅव्हरेजच्या रकान्यात पहिल्यांदाच लिहीत होते : लिटरला सव्वा टोपली. मोकळ्या रस्त्यावर जास्त देईल.