रात्रीची बाटली, सकाळची बाटली

डिंभे धरणाच्या काठी शनिवारी संध्याकाळी तंबू लागतात. तंबूत शिरणारी यकृतं बहुतेक पुण्या-मुंबईची. रात्री एका बाटलीनं त्यांना छळायचं आणि सकाळी दुसऱ्या बाटलीनं त्यांची समजूत काढायची, असा शिरस्ता आहे. सकाळची बाटली हिरवी. तिच्यावर डोंगराचं चित्र, एकवीस मुळ्यांचा अर्क आणि 'लिव्हर डिटॉक्स' हा महामंत्र. समोरच्या जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं. महाळुंगे पडवळचा हा गडी 1930 साली मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला. त्याच्या पाण्याकाठी बसून आम्हाला गावठी मुळीसुद्धा विलायती नाव लावल्याशिवाय घशाखाली उतरत नाही.

"सह्याद्रीची मुळं! साइड इफेक्ट शून्य," आमचे मित्र झाकण भरत म्हणाले. मे महिन्यातली सकाळ, डोळे रात्रीचेच.

मी लेबल वाचलं. पहिलंच नाव कुटकीचं. यकृताच्या दुखण्यात वैद्य कुटकी पूर्वापार देतात, हे खरं. पण ती उगवते हिमालयात, साधारण तीन हजार मीटरच्या वर. आमचा भीमाशंकर हजारालाच धापा टाकतो. शिवाय मूळ म्हटलं की ते उपटावं लागतं. कुटकी इतकी उपटली गेली, की आता तिच्या परदेशी व्यापारावर पहारा आहे.

"मुळानं कधी अपाय होतो का?" मित्र.

होतो की. कळलावी इथल्याच रानात फुलते, पावसाळ्यात, दृष्ट लागावी अशी. तिचा कंद मात्र जिवावर बेततो. नाव ठेवणाऱ्यांनी उगाच ठेवलेलं नाही. आणि 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा संबंध गुळवेलीशी जोडला, तेव्हा आयुष मंत्रालयानं सांगितलं, की ती वेल गुळवेलीसारखी दिसणारी भलतीच असेल. डॉक्टर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. कोण बरोबर ते तज्ज्ञ बघोत. पण काढा उकळताना वेलीची ओळखपरेड घेणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

जवळच रस्त्याच्या कडेला एक आजी बाळहिरडा वाळत घालत होत्या. मी विचारलं, "आजी, यकृताला कुठली मुळी चांगली?"

"पितोस व्हय रं बाबा?"

रक्त न काढता निदान. फीसुद्धा नाही.

बाटलीची किंमत ऐकून त्या हसल्या नाहीत. नुसतं आपल्या हिरड्याकडं बघितलं. पिकण्याआधी झाडावर चढून तोडायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, पोत्यात भरायचा आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला होकार द्यायचा. 2020 च्या निसर्ग वादळात पश्चिम पट्ट्यातल्या हिरड्याचं नुकसान झालं, तेव्हा भरपाईसाठी आदिवासींना मोर्चे काढावे लागले. आयुर्वेदानं हिरड्याला आईचा मान दिलाय. बाजारानं त्या आईला सासुरवाशीण करून ठेवलंय.

मी लेबल पुन्हा चाळलं. एकविसावं नाव, सगळ्यांत बारीक अक्षरात: हिरडा. मुळ्यांच्या पंगतीत बसवलेलं फळ. सगळ्या यादीत खात्रीनं इथलं म्हणावं असं तेवढंच एक.

मित्रांनी दुसरं झाकण घेतलं आणि गाडी मागं घेतली. चाकाखाली कडाकड वाजलं. काच खाली करून ते आजींवर खेकसले, "रस्त्यात कसल्या गोट्या टाकून ठेवल्यात हो?"