आवळणारे नाना

नानांनी बोट घेतली ती पाण्यात फिरायला नव्हे, ट्रेलरला बांधायला, असं वहिनींचं ठाम मत आहे. वहिनींनी तीसेक वर्षं नानांबरोबर संसार केलेला असल्यामुळे या मताला आव्हान द्यायच्या भानगडीत आमच्या मिनेसोटात कुणी पडत नाही. शिवाय पुरावाही त्यांच्याच बाजूनं आहे. नाना मासे खात नाहीत. ऊन त्यांना सोसत नाही. तळ्यात तासभर काढला की ते घड्याळ बघून म्हणतात, "चला, परत बांधायचीये."

बोट तशी साधी. १६ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, सेकंडहँड, मागे २५ हॉर्सपॉवरचं इंजिन. मिनेसोटात असल्या बोटीकडे कुणी मान वळवून बघत नाही. १० एकरांहून मोठी तळीच इथं ११,८४२ आहेत. मे महिन्यात वॉलाय माशाचा हंगाम उघडला की मिनियापोलिसहून उत्तरेला जाणाऱ्या १६९ नंबरच्या रस्त्यावर बोटींची वारी निघते. त्या वारीत सगळ्यात हळू, उजव्या लेनला चिकटून, सगळ्यात जास्त पट्टे लावलेली जी बोट दिसेल ती नानांची.

हे वळण घराण्यातलं आहे. नाना सांगलीचे. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी अख्खा संसार सुतळीनं बांधून निघायचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं असलं तर बर्थखाली ट्रंक, ट्रंकेला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाची किल्ली वडिलांच्या जानव्याला. एका रात्री छोट्या नानांनी हे सगळं नीट निरखून विचारलं, "बाबा, ट्रंक साखळीला बांधलीय, किल्ली जानव्याला बांधलीय. पण जानवं कशाला बांधलंय?" वडिलांनी "झोप आता" एवढंच उत्तर दिलं. नाना झोपले नाहीत. तेव्हापासून आजतागायत ते त्याच प्रश्नाचं उत्तर शोधतायत.

बोट पुढून विंचच्या पट्ट्यानं ट्रेलरला ओढून घेतलेली असते. तो पट्टा बोटीच्या नाकावरच्या कड्यात अडकवतात. बहुतेक लोकांच्या दृष्टीनं काम तिथंच संपतं. नानांचं तिथून सुरू होतं. "विंच बोट ओढायला असते, धरून ठेवायला नाही," हे त्यांचं पहिलं सूत्र. विंचचा दात घसरला तर? म्हणून त्याच कड्यात वेगळी साखळी. साखळीचा हूक खड्ड्यात उसळून निसटला तर? म्हणून हुकाला झडप. आणि झडपेची स्प्रिंग? ती नाना दरवर्षी एप्रिलमध्ये बदलतात.

पुढून बोट धरली तरी मागून ती उड्या मारते. अ‍ॅल्युमिनियमची हलकी बोट तर जास्तच. म्हणून मागच्या फळीवरची दोन कडी आणि ट्रेलरची चौकट यांच्यात दोन रॅचेट पट्टे, एक डावीकडे, एक उजवीकडे. इंजिन वर उचलून त्याच्याखाली टेकू. शिवाय बोटीच्या मधोमध एक आडवा पट्टा. त्याची गरज नाही हे नानांनाही मान्य आहे. "गरज नाही, पण तो असला की मला बरं वाटतं." नवा पट्टा आणला की त्यावरचं लेबल ते चष्मा पुसून मोठ्यानं वाचतात. तुटायची मर्यादा ३,००० पौंड, कामाची मर्यादा १,०००. पट्टा जेवढ्याला तुटतो त्याच्या एक तृतीयांशच भार त्याच्यावर टाकायचा, हे सगळ्या जगानं ठरवून ठेवलंय याचं नानांना फार समाधान वाटतं. "बघ, माझ्यासारखी माणसं आहेत जगात." वहिनी आतून म्हणतात, "माझ्या वाढदिवसाचं कार्ड कधी एवढ्या मन लावून वाचलं नव्हतं."

पट्टा आवळतानाचे नाना बघण्यासारखे असतात. एक गुडघा सिमेंटवर टेकलेला, जीभ दातांत, कान पट्ट्याजवळ. रॅचेटची मूठ वर-खाली होते, कट्, कट्, कट्, आणि मग नाना थांबून पट्ट्यावर टिचकी मारतात. टिचकीला पट्टा नुसताच थरथरला तर आणखी एक कट्. नीट वाजला की हात वर. "पट्टा वाजला पाहिजे, बोट वाकली नाही पाहिजे," हे दुसरं सूत्र. जोर आहे म्हणून आवळत सुटलं की बोटीच्या अंगावर भलतीकडे ताण येतो आणि पत्रा वाकतो, हे त्यांनी दुसऱ्याच्या बोटीवर पाहिलेलं आहे. आवळायच्या आधी पट्ट्याला मधे एक पीळ द्यायचा. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि तासभर भुंग्यासारखा गुणगुणत राहतो. पीळ दिला की गप्प बसतो. उरलेलं शेपूट गुंडाळून गाठ मारायची, म्हणजे ते चाकाखाली जात नाही.

इथले गोरे शेजारी आपली बोट बांधून झाली की तिच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, आता ही कुठं जात नाही. नानांना हे ऐकवत नाही. सत्यनारायणाच्या पूजेत कुणीतरी शिंकावं तसा त्यांचा चेहरा होतो. "असं बोलू नये. ही कुठंही जाऊ शकते."

मग ट्रेलर गाडीला जोडायचा. नानांकडे ट्रक नाही, मुलं लहान असताना घेतलेली व्हॅन आहे. तिच्या मागच्या हिचवर बॉल, त्यावर ट्रेलरचा कपलर. बॉल कपलरच्याच मापाचा हवा. दोन इंची कपलरखाली पावणेदोनपेक्षा जरासा मोठा बॉल घातला तरी तो बसल्यासारखा दिसतो. गाडी चालते, वळते, माणूस निर्धास्त होतो, आणि एखाद्या उंचवट्यावर ट्रेलर अलगद उठून स्वतःच्या मार्गानं निघतो. म्हणून खटका लावल्यावर नाना ट्रेलरच्या तोंडाशी असलेला जॅक फिरवून कपलर वर उचलायला लागतात. व्हॅनचं बूड बरोबर उचललं गेलं तर कपलर खरा बसला. मग खटक्यात पिन. मग दोन साखळ्या, कपलरखालून एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन लावलेल्या, म्हणजे जोड सुटलाच तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल. साखळी वळणावर ताणू नये एवढी सैल, रस्त्याला घासू नये एवढी आखूड. हे माप नाना जमिनीवर आडवे होऊन बघतात, आणि तेवढ्यात शेजारची बाई कुत्र्याला फिरवत येते आणि दरवेळी नव्यानं विचारते, "आर यू ओके?"

कपलरचा बॉलवर पडणारा भार हाही त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. फार कमी भार पडला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. फार जास्त पडला तर गाडीचं बूड बसतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. नानांच्या बोटीचं सगळं मिळून वजन दीडेक हजार पौंड, त्याचे शेकडा दहा म्हणजे १५० पौंड पुढं पडायला हवेत. ते मोजायला बाथरूममधला वजनकाटा लागतो. वहिनी सकाळी काट्यावर उभ्या राहायला जातात तेव्हा काटा गॅरेजमध्ये असतो आणि त्यावर फळी, फळीवर ट्रेलर. परत आणल्यावर त्याच्यावर ग्रीसचा गोल डाग असतो. वहिनींनी आता वजन करणंच सोडलंय.

शेवटी दिवे. इथं मी कामाला येतो. मागं उभं राहून ओरडायचं असतं, "डावा! उजवा! ब्रेक!" नाना आतून दरवेळी खात्री करून घेतात, "तुझा डावा की माझा डावा?"

पहाटे साडेचारला सुरू झालेलं हे काम सहाला संपतं. मिल लॅक्सचं तळं नव्वद-शंभर मैलांवर. पण दहाव्या मैलावर पंप आला की नाना थांबतातच. बोट निघताना बांधलेली असते, मग हादऱ्यांनी ती ट्रेलरच्या गालिचा लावलेल्या फळ्यांवर नीट बसते आणि बसली की पट्टे सैल पडतात. "माणसाचंही तसंच असतं," असं काहीतरी आता नाना म्हणतील म्हणून मी वाट बघतो. पण नाना म्हणत नाहीत, नुसता पट्टा आवळतात. नंतर चाकाच्या हबला हाताची मागची बाजू लावून बघतात. हब कोमट लागला तर ठीक, हात ठेववेना इतका तापला तर आतल्या बेअरिंगचं ग्रीस संपलंय. बोटीच्या ट्रेलरचं हे खास दुखणं. गरम झालेला हब थंड पाण्यात उतरला की पाणी आत ओढून घेतो. व्हॅनमध्ये बसलेल्या आम्हा सगळ्यांना तोपर्यंत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आठवायला लागलेली असते. पण ती पिशवी बोटीत असते, आणि बोटीतली प्रत्येक गोष्ट बांधलेली असते.

एवढ्या सगळ्या बंदोबस्तात नानांना छळणारी गोष्ट एकच. मिनेसोटाचा कायदा सांगतो की बोट रस्त्यावर असताना तिच्या तळाचं बूच काढलेलं पाहिजे. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात गेलं तर त्याच्याबरोबर झेब्रा शिंपल्यांसारखे उपटसुंभ जीव पसरतात, म्हणून पाणी काढून, बूच उघडं ठेवून निघायचं. कायदा नानांना मान्य आहे. पटत मात्र नाही. ज्या भोकामुळे बोट बुडते तेच तेवढं सताड उघडं, आणि तेही सरकारी हुकमानं! काढलेलं बूच विसरणं म्हणजे धक्क्यावरच जलसमाधी, म्हणून नाना ते नाडीला बांधून गळ्यात घालतात. वडिलांच्या जानव्याला किल्ली होती, नानांच्या गळ्यात बूच असतं. मंडळाच्या पाडव्याला ते एकदा तसेच कुर्त्यावर बूच घालून आले तेव्हा एका नव्या सुनेनं ते काय व्रत आहे असं विचारलं होतं.

तळ्यावरच्या उताराला पोचलं की लोक पटापट सगळं सोडून मोकळे होतात. नाना मागचे पट्टे बाजूच्या मोकळ्या जागेत सोडतात. विंचचा पट्टा आणि साखळी मात्र बोटीच्या बुडाला पाणी लागेपर्यंत सोडत नाहीत. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी नाहीत. मग एका शनिवारी आमच्या पुढच्या घाईतल्या गृहस्थानं वरच सगळं सोडून ट्रेलर मागं घेतला. उतार लागताच त्याची चकचकीत फायबरची बोट गालिच्यावरून सुर्रकन घसरली आणि सिमेंटवर बसली. पाणी तिच्यापासून दहा फुटांवर होतं. सगळा धक्का चिडीचूप झाला. नाना खाली उतरले, त्या गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवला आणि एका शब्दानंही उपदेश केला नाही. बोट परत ट्रेलरवर ओढायला स्वतःचे तीन पट्टे दिले. तेव्हापासून त्या धक्क्यावर नानांच्या मागे हॉर्न वाजत नाही.

आणि आमच्यातलंही कुणी आताशा हसत नाही. कुणी घर बदललं, कुणी सोफा आणला, कुणी गादी टपावर टाकून खिडकीतून एका हातानं धरून निघाला, की फोन नानांना जातो. ते पट्ट्यांची पेटी घेऊन येतात. बांधतात. मग सोडायला पण त्यांनाच बोलवावं लागतं, कारण त्यांनी बांधलेलं दुसऱ्या कुणाला सुटत नाही. त्या निमित्तानं ते दोनदा चहा घेतात.

गेल्या भाद्रपदात मंडळाच्या गणपतीची मूर्ती हॉलवर न्यायचं काम अर्थातच नानांकडे आलं. वर्षभर एकाच्या तळघरात असणारी तीन फुटी मूर्ती. नानांनी व्हॅनच्या मागच्या सीट पाडल्या, खाली रजई घातली, मूर्ती बसवली आणि चारी कोपऱ्यांतून चार पट्टे आणले. मूर्तीला ओरखडा नको म्हणून पट्ट्याखाली वहिनींचा शेला. एक गुडघा टेकला, जीभ दातांत, टिचकी. चारही पट्टे वाजले.

मंडळाचे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "अहो नाना, साक्षात विघ्नहर्ता आहे तो! त्याला कसले पट्टे?"

"विघ्न तो हरेल," नाना म्हणाले. "ब्रेक मला मारायचाय."

वहिनी पुढच्या सीटवर मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नानांनी किल्ली लावली, फिरवली नाही. डब्याकडे बघितलं.

"हा कशानं धरलाय?"

"मी धरलाय."

"आणि तुला?"

"मला सीटबेल्टनं. सीटबेल्टला गाडीनं. आणि गाडीला तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "आता निघा, आरतीला उशीर होतोय."

नाना निघाले. दहाव्या मैलावरच्या पंपाशी थांबले, पट्टे बघितले, आणि परत येऊन वहिनींचा सीटबेल्ट एकदा ओढून बघितला.