आमच्या आघाडीवीरास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री आघाडीवीर, ग्रुप अ‍ॅडमिन, कोषाध्यक्ष आणि पंपधारक यांसी,

सा. न. वि. वि.

आपण खुशाल असालच. सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याला काय धाड भरते? पत्रास कारण की, पुणे ते गोवा या साडेचारशे किलोमीटरच्या स्कूटरयात्रेचा आपण ग्रुपवर टाकलेला वृत्तान्त वाचला. 'किरकोळ पंक्चर वगळता ट्रिप झक्कास.' यातलं झक्कास आपल्या वाट्याला आलं आणि किरकोळ माझ्या. तेव्हा थोडा खुलासा करतो.

बारीकसारीक गोष्टी उगाळत बसत नाही. पहाटे पाच म्हणजे पाच, असं बजावून आम्हा चौघांना कात्रजला उभं केलंत आणि स्वतः पावणेसहाला उगवलात, ते सोडून दिलं. खंबाटकीचा घाट चढताना आमच्या 110 सीसीच्या गाड्या मालट्रकच्या धुरात धापा टाकत होत्या आणि आपण वरून हात हलवत होतात, तेही सोडलं. कोल्हापुरात मिसळीला थांबू दिलं नाहीत. भर दुपारी कोल्हापूर ओलांडायचं, पोटात फक्त कराडजवळची बिस्किटं, आणि वर 'शेड्यूल, शेड्यूल' हा जप. हे मात्र सोडलेलं नाही. पुढच्या जन्मी बघू.

मुद्दा पंपाचा आहे.

निघण्याआधी आठवडाभर आपण चेतकपुराण लावलं होतं. 1972 साली आलेली, आकुर्डीत बनणारी चेतक. आपले तीर्थरूप तिच्यावरून सहकुटुंब महाबळेश्वरला कसे जात, आपण पुढे उभे, ताई मध्ये, आई मागे, डिकीत दशम्या. ऐकून डोळे पाणावले होते. त्यात एक गोष्ट आपणच सांगितली होती, की त्या स्कूटरला स्टेपनी असायची. चेतक जिच्यावरून बेतली, ती व्हेस्पा जन्माला घालणाऱ्या दास्कानिओ या इटालियन गृहस्थाचं मूळचं काम विमानांचं. पुढचं चाक एकाच बाजूने धरायची युक्ती त्याने 1946 साली तिथूनच आणली, कारण वाटेत पंक्चर झालं तर चाक बदलणाऱ्याचे हाल होऊ नयेत. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या परक्या माणसाला माझी काळजी होती, महाराज. आणि आजच्या गाड्यांना स्टेपनी नाही, म्हणून आपण माणशी दीडशे रुपये काढायला लावून ट्यूबलेसचं किट आणि पायाने मारायचा पंप घेतलात. पिशवी भगवी, 'लांबून दिसायला'. ती राहणार आपल्या डिकीत. आणि आपण राहणार सगळ्यांच्या पुढे. पंक्चर पुढच्या गाडीलाच होतं, असं काही आपल्या वाचनात आलं होतं का?

नियमावलीतला तिसरा नियमही आपलाच: 'मागचा माणूस आरशात दिसलाच पाहिजे.' निपाणी सोडून आजऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि आपल्या आरशाचा आमच्याशी संबंध संपला. वाटेत चहा नाही, फोटो नाही. आंबोलीत कणीससुद्धा खाऊ दिलं नाहीत. बाकीचे दोघे आपल्यामागे सुसाट. शेपटाला मी आणि बँकवाला.

पावणेसहा वाजता, आंबोलीचा मोठा धबधबा मागे टाकून दोन-तीन वळणं उतरलो असेन, मागचं चाक डुलायला लागलं. दहा इंची चाक ते, बसलं की बसलंच. गिअर नसलेल्या गाडीला उतारावर इंजिन फारसं धरून ठेवत नाही, जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. मागचा ड्रम तापून जळका वास मारत होता. कशीबशी कठड्याला टेकवली आणि मेन स्टँडवर घेतली. टायरमध्ये दीड इंची खिळा, डोक्यापर्यंत रुतलेला. फोनला रेंज नाही. पाऊस बारीक, धुकं एवढं की समोरचं वळण दिसेना. बँकवाला परत वर आंबोलीला गेला. पंक्चरवाल्याचं दुकान बंद, तो लग्नाला गेलेला. मी घाटात एकटा. खाली दरीत बेडूक ओरडत होते आणि मागच्या झाडीत काहीतरी जड पावलं टाकत होतं. आंबोलीत गवे आहेत हे मला ठाऊक होतं. त्यांना किट चालतं का, ते ठाऊक नव्हतं.

तासाभराने बँकवाला आला. वर त्याला रेंज मिळाली होती, तिथून त्याने आपल्याला कळवलंही होतं. बोलला काहीच नाही, नुसता फोन पुढे केला. आपण सावंतवाडीहून ग्रुपवर टाकलेला फोटो. सुरमईची थाळी, दोन वाट्या सोलकढी, तळलेली तुकडी अशी की कॅमेऱ्यातून वास यावा. खाली ओळ: 'पोचलो. बाकीचे कुठायत?' आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या जगशेजारी, टेबलावर ठेवलेली भगवी पिशवी.

पंप जेवायला बसला होता.

आता आपण-बिपण बास झालं. ऐक. दीडशे रुपये माझे, चाक माझं, आणि पंप तुझ्यासमोर सोलकढी पितोय! पंचवीस किलोमीटर खाली! तीस वर्षं तुला ओळखतो. कॉलेजात सिनेमाची तिकिटं स्वतःच्या खिशात ठेवून आधी आत जाऊन बसणारा तूच. तेव्हा बाहेर उभे राहायचो, आता घाटात उभा राहिलो. एवढाच फरक. त्या अंधारात तुला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे छापता येत नाहीत. बँकवाल्याला विचार. त्याने भर घातली होती.

साडेआठला तू आलास. मला वाटलं होतं दुसऱ्या कुणाला पाठवशील. पंधराच्या स्पीडने, रस्त्याच्या कडेला चिकटून, दोन्ही पाय खाली सोडून चालवत होतास. मी चिडलेला, मला वाटलं नाटक करतोय. हेल्मेट काढलंस तर चेहरा घामाने डबडबलेला, त्या गारठ्यात. खिळा उपटलास, भोकाला थुंकी लावलीस, सुईत वात ओवायला लागलास, ती ओवेना. बँकवाल्याने टॉर्च जवळ धरली. मग तू जोर लावून सुई घुसवलीस ती भोकाच्या बोटभर पलीकडे, धडधाकट रबरात. दोनदा. तिसऱ्यांदा मी तुझ्या हातातून घेतली. तू काही बोलला नाहीस. ओला पंप घेतलास आणि पायाने मारत राहिलास, शंभर-सव्वाशे वेळा, माझ्याकडे पाठ करून.

गोव्यात तुझ्याशी दोन दिवस धड बोललो नाही. परत आल्यावर वहिनींचा फोन आला, 'ह्यांनी गाडी नीट चालवली ना हो? रात्री गाडी चालवायची नाही म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय.' दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरून दिवा आला की सगळं पांढरं होतं म्हणे. म्हणजे ते शेड्यूल, ती बुडवलेली मिसळ, ते न खाल्लेलं कणीस, सगळं एवढ्यासाठी की उजेड आहे तोवर तुला घाट उतरायचा होता. आणि मग तोच घाट तू अंधारात, पावसात, परत चढलास.

म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. उलट कलम वाढलं. आंबोलीत मुक्काम केला असता की रे! आमच्यापैकी एकाला शुगर आहे, बँकवाल्याच्या मणक्यात गॅप आहे, मला घाटात भीती वाटते. आम्ही कोण लागून गेलो, की तू आमच्यासमोर पंचविशीचा असल्याचं सोंग आणावंस? सांगितलं असतंस तर हसलो असतो, तासभर. नंतर मधोमध घेऊन हळूहळू उतरलो असतो.

असो. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे, हेही वहिनींकडूनच कळलं. आम्ही चौघे सकाळी सातला तुझ्या दारात येतोय, सात म्हणजे खरोखरचे सात. तू माझ्यामागे डबल सीट बसायचं. माझे दीडशे रुपये सोबत आण. किट मी तुझ्या डिकीतून काढून घेतलंय, ते आता माझ्याकडे राहील आणि मी सगळ्यांच्या मागे राहीन.

आपला,
शेपूट