गाडीला अकाली वार्धक्य कसं आणावं

नवी गाडी दारात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू चिरडतात आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, "जपून चालव रे बाबा." जपून कशी चालवायची हे सांगायला गल्लीभर माणसं तयार असतात. जोशात चालवून ती झिजवायची कशी, याचं पद्धतशीर मार्गदर्शन मात्र मराठीत औषधालाही सापडत नाही. त्यामुळे आपले होतकरू चालक अंदाजपंचे गाडी झिजवत राहतात. एखाद्याचं इंजिन लाख किलोमीटर उलटून गेल्यावरही ठणठणीत असतं आणि आपण कुठे कमी पडलो हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

नमुन्यादाखल मारुतीची आल्टो 800 घेऊ. 2012 साली आली, 2023 मध्ये बंद झाली, तरी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी उभी असतेच. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. ताकद 48 पीएस, तीही 6000 आरपीएमला. रिकाम्या गाडीचं वजन सातेक क्विंटल. टायर 145 मिलिमीटर रुंद, 12 इंची रिमवर. समोर आरपीएमचा काटा नाही, म्हणजे इंजिन किती पिळलं जातंय हे कानानेच ओळखायचं; आणि कान तर गाण्यांकडे. अभ्यासासाठी याहून सोयीची गाडी नाही. तुमच्याकडे दुसरी लहान गाडी असली तरी निराश होऊ नका, तत्त्वं तीच.

आता एक अप्रिय गोष्ट आधीच सांगून टाकतो. घरातले चिरंजीव गाडी दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत नेतात आणि शेजारचे काका गॅलरीतून म्हणतात, "इंजिनाची वाट लावणार हा." काकांची निराशा होईल, पण तसं सहसा होत नाही. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क 69 न्यूटन मीटर, आणि तो 3500 आरपीएमला मिळतो. लहान इंजिन फिरण्यासाठीच बनवलेलं असतं. तेल चांगलं असेल, पुरेसं असेल आणि नीट तापलेलं असेल, तर अधूनमधून वरच्या आरपीएमला नेल्याने त्याचं फारसं बिघडत नाही. इंजिन खलास करणं हेच ध्येय असेल, तर चिरंजिवांचा नाद सोडून त्यांच्या बाबांकडे शिकवणी लावा.

बाबांना अ‍ॅव्हरेज हवं असतं. कात्रजचा घाट ते चौथ्या गिअरमध्ये, ताशी तीसने, अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवून चढतात. बॉनेटखालून गुडगुड आवाज येतो, डॅशबोर्ड थरथरतो, मागे बसलेली आई म्हणते, "अहो, गिअर बदला ना." बाबा म्हणतात, "पेट्रोल काय भाव आहे माहितीये?" त्या वेळी आत काय चाललेलं असतं? क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि हा थर फिरण्याच्या वेगाने टिकतो. फिरणं मंद, वरून प्रत्येक स्ट्रोकचा दाब मात्र पुरा, म्हणजे थर पातळ होतो. त्यातच पेट्रोल वेळेआधी, वेडंवाकडं पेटून इंजिन नॉक करायला लागलं, तर पिस्टनवर आतून हातोडे बसतात. पाचशे रुपयांच्या पेट्रोलमागे पंधरा रुपये वाचवून इंजिन कामाला आणण्याचा हा सर्वात शांत, सुसंस्कृत मार्ग आहे. शेजारच्या काकांचाही त्याला पूर्ण पाठिंबा असतो.

चिरंजिवांना इंजिनाच्या खात्यात काही कामगिरी नोंदवायचीच असेल, तर त्यांच्यासाठी सकाळची वेळ राखून ठेवलेली आहे. रात्रभरात तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सुरू केल्यावर ते वर पोचायला काही सेकंद लागतात, आणि थंडीत ते घट्टही असतं. शिवाय गार इंजिनाला पेट्रोल जरा जास्त लागतं. त्यातलं न जळालेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. तेव्हा चावी फिरवताक्षणी घूंऽऽ करून सोसायटीला जागं करावं आणि गेटपर्यंत पहिला गिअर पूर्ण ताणावा. पाणी तापलं म्हणजे तेल तापलं असं नसतं, तेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पण हे ज्ञान अभ्यासात अडथळा आणतं, म्हणून विसरून जावं. उलट कोणी पाच मिनिटं गाडी जागेवरच सुरू ठेवून गरम करत असेल, तर त्यालाही हसावं. नुसतं पेट्रोल जळतं आणि गिअरबॉक्स, टायर, शॉकअप गारच राहतात. अर्धा मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर हळू नेणं हाच खरा उपाय, पण तो इतका साधा आहे की त्यात कुणालाच मजा वाटत नाही.

क्लचबद्दल फार लिहीत नाही, कारण या विषयात महाराष्ट्र आधीच पारंगत आहे. चढावर ट्रॅफिक तुंबला की हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची आणि दर दोन सेकंदांनी वीतभर पुढे जाऊन पुन्हा मागे यायचं. शनिवारी सकाळी बोरघाटात खिडकी खाली केली, तर जळक्या क्लच प्लेटचा वास येतो. तो पुढच्या गाडीचा आहे, असं प्रत्येकजण म्हणतो.

खरी कमाई उतारावर आहे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. चार माणसं, सामान आणि गाडी मिळून एक टन धरा. ही सगळी उंची नुसत्या ब्रेकने पचवायची ठरवली, तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात आंघोळीची पंधरा लिटरची बादली गार पाण्यापासून उकळीपर्यंत जाईल. आल्टोला पुढे डिस्क, मागे ड्रम. ही बादली त्यांनीच तापवायची. म्हणून जोशात उतरणाऱ्याने गिअर न्यूट्रलला टाकावा, वळणापर्यंत सुसाट जावं आणि ऐन वळणावर ब्रेकवर उभं राहावं. पुन्हा सुसाट, पुन्हा ब्रेक. वेग दुप्पट तर ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट, हे शाळेतलं गणित इथे फळाला येतं.

न्यूट्रलवाल्यांचा आणखी एक गोड समज आहे की त्यात पेट्रोल वाचतं. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडं तरी तथ्य असेल. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे ब्रेकही जळतात आणि पेट्रोलही. असा दुहेरी लाभ दुसऱ्या कुठल्याही युक्तीत नाही.

ब्रेक ऑइल कधीही बदलू नये. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपला पावसाळा त्याला चार महिने मनसोक्त पाजतो. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा प्यायलेल्याचा 140 पर्यंत खाली आलेला चालतो. त्याहून तापलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ पडत पडत तळाला टेकतं. हा प्रसंग गाडीबरोबर चालकाचंही आयुष्य कमी करू शकतो, म्हणून इथे मी विडंबन दोन ओळींपुरतं बाजूला ठेवतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. बस्स.

खाली पोचल्यावर चाकांतून धूर येत असेल, तर लगेच बाटलीभर गार पाणी ओतावं. तापलेल्या डिस्कला ते मानवत नाही. ती वाकली, तर पुढे ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थडथडतं.

टायर हा या सगळ्या उद्योगातला प्रामाणिक साक्षीदार. पुढच्या चाकांनीच गाडी ओढायची, वळवायची आणि बहुतांश थांबवायचीही, त्यामुळे पुढचे टायर आधी जातात. वळण वेगात घेतलं की सगळा भार बाहेरच्या टायरच्या खांद्यावर येतो. ताम्हिणी घाटात तर वळणं मोजायची सोयच नाही. एका पावसाळ्यात दर रविवारी गेलात तर टायर मधे नवा आणि कडेला टकला दिसायला लागतो. हवा कमी ठेवली तर आणखी लवकर. एखाद्या खड्ड्याने अलाइनमेंट बिघडलं असेल, तर अनुभवी मेकॅनिक गाडी वर न उचलताच सांगतो. तो टायरच्या नक्षीवरून हात फिरवतो: आतून बाहेर गुळगुळीत सरकतो, बाहेरून आत आणताना रबराची धार बोटांना लागते. मग तो तुमच्याकडे बघतो आणि काही बोलत नाही.

खड्ड्याचं म्हणाल, तर 12 इंची चाक जितकं खोल उतरतं तितकं मोठं चाक उतरत नाही. या बाबतीत लहान गाडीला निसर्गदत्त सवलत आहे. स्पीड ब्रेकरवर जाताना ब्रेक शेवटपर्यंत दाबून ठेवावा, म्हणजे गाडीचं नाक आधीच झुकलेलं असतं, स्प्रिंग अर्धी दबलेली असते आणि धक्का थेट वर पोचतो. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंटिंग सगळ्यांना समान न्याय. एक्सलचं रबरी बूट फाटलं तर फाटू द्यावं. त्यातलं ग्रीस उडून जातं, धूळ आणि पाणी आत शिरतं, आणि काही महिन्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना चाकाजवळून कट-कट-कट असा आवाज येतो. बूट काही शे रुपयांचं, एक्सल काही हजारांचा. थांबण्याची ही बक्षिशी.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेबद्दल थोडक्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त. सगळे 95 किलोमीटर अखंड 100 ने काढले, तर 80 वाल्यापेक्षा 14 मिनिटं आधी पोचाल. ही 14 मिनिटं फूड मॉलवर वडापावच्या रांगेत घालवायची असतात.

सर्व्हिसिंग मात्र नियम पाळूनच चुकवावं. पुस्तिकेत ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने बदला असं लिहिलेलं असतं, ते आपल्या सोयीचं. पण बहुतेक पुस्तिकांत मागच्या पानांवर बारीक अक्षरांत कठीण परिस्थितीतल्या वापरासाठी वेगळा, लवकरचा तक्ता असतो. धूळ, जवळजवळच्या फेऱ्या, रांगत जाणारा ट्रॅफिक, भरलेली गाडी ही ती कठीण परिस्थिती. स्वारगेट ते हडपसर एका फेरीत चारही अटी पूर्ण होतात. ते पान वाचू नका.

एवढी साधना नेटाने केलीत, तर चिरंजिवांच्या गाडीचा हिशेब असा निघेल: सकाळचा आणि सर्व्हिसिंगचा धडा वगळला असेल तर इंजिन ठीकठाक, आणि क्लच, ब्रेक, टायर, बुश, एक्सल वेळेआधीच थकलेले. बाबांच्या गाडीचं उलट, टायर देखणे आणि इंजिन निळा धूर सोडणारं. दोघांनी एकच गाडी वापरली तर सर्वोत्तम.

मग ती विकायला काढा. जाहिरातीत "सिंगल हँड, डॉक्टरांनी वापरलेली" असं लिहा, सीटवर टॉवेल टाका, इंजिन आधीच गरम करून ठेवा. आणि गिऱ्हाईक मेकॅनिकला घेऊन आलं, तर त्याला चहा द्या, गप्पांत गुंतवा, पण पुढच्या टायरवरून हात फिरवू देऊ नका.