बॅटरी नीट धर!

"अरे, माझ्या डोळ्यांत नको, नटावर मार!"

हा आवाज गाडीखालून येतो. मी ड्राइव्हवेवर उकिडवा बसून बॅटरी धरलेली असते. बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्या पिढीला हे सांगावं लागत नाही. माझं वय त्रेचाळीस, ऑफिसात हाताखाली अकरा माणसं आणि शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये माझं काम हे. लहानपणी बाबांच्या स्कूटरशेजारी बसून हेच करायचो. तेव्हाही उजेड चुकीच्या जागी पडायचा. आता बाबा नाहीत, स्कूटर नाही. उजेड मात्र अजून चुकीच्या जागी पडतो.

खालचा आवाज काकांचा. महाराष्ट्र मंडळ म्हटलं की नाटकाचे काका आले, वर्गणीचे काका आले, तसे एक स्पेअरपार्टचे काकाही आलेच. नाटकाच्या काकांना तालमीच्या दिवशी फोन न उचलून टाळता येतं. स्पेअरपार्टचे काका शेजारीच राहत असतील तर इलाज नाही. ते दार वाजवत नाहीत. खिडकीखाली उभे राहून नुसतं "मोकळा आहेस ना?" विचारतात आणि उत्तराच्या आत बॅटरी तुमच्या हातात असते.

काका निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन आले. त्या काळी आलेला प्रत्येक जण आठच डॉलर घेऊन आलेला असतो, कारण सरकार त्याहून जास्त नेऊ देत नसे. पण त्यातले सात अजून शिल्लक असल्यासारखे राहणारे मी एकटे काकाच पाहिले. घरातली कुठलीही वस्तू 'गेली' असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. वस्तू जात नाही, तिचा एक पार्ट जातो. टोस्टर जात नाही, टोस्टरची स्प्रिंग जाते. काकू म्हणतात, "उद्या मी गेले तरी हे डॉक्टरांना विचारतील, नक्की काय गेलंय?"

या माणसाने निवृत्तीच्या पैशातून एक जुनं मोटरहोम घेतलं. विनेबॅगो लेशारो, १९८५ची, डिझेल. बाकीची मोटरहोम एसटीएवढी असतात. ही वीस फुटांच्या आतबाहेर. तेवढ्यात पलंग, ओटा, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. काकांनी पहिल्याच दिवशी आत जाऊन "अगदी आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या" असं म्हटलं आणि काकूंनी तिथल्या तिथे तिचं नाव ठेवलं: वाडा. तेव्हापासून घरात "वाडा गळतोय", "वाड्याचं भाडं थकलं", म्हणजे विम्याचा हप्ता राहिला, असंच बोलतात. मे महिन्यात काका छतावर चढतात आणि व्हेंटच्या कडेने ब्यूटाइलची टेप बसवतात. मृगाच्या आधी कौलं शाकारायची तसं. पहिल्या पावसात पाणी दुसरीकडून येतं. कौलांतूनही असंच यायचं म्हणे.

या वाड्याची खरी भानगड त्याच्या गोत्रात आहे. विनेबॅगो कंपनी आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीची, म्हणजे आडनाव अस्सल अमेरिकन. पण खालची चासी, इंजिन आणि पुढच्या चाकांची ओढ, सगळं फ्रान्सच्या रेनॉ ट्रॅफिक व्हॅनचं. वडिलांकडून अमेरिकन, आजोळ फ्रेंच. तेव्हा रेनॉचा 'अमेरिकन मोटर्स'मध्ये मोठा हिस्सा होता, त्यामुळे आजोळाहून जाणं-येणं होतं, सणावाराला पार्टस यायचे. १९८७ साली रेनॉने तो हिस्सा क्रायस्लरला विकला. आजोळचा वाडा बंद. पोर इथे राहिलं आणि आता त्याचे गुडघे दुखतात तर औषधाच्या चिठ्ठीवरची भाषा इथे कोणाला येत नाही. गाडी वाईट नव्हती हो. वजनाच्या मानाने डिझेल बेताचं पीत असे. चाळीस वर्षांनी रबर कडक होणारच, आपलंही होतं.

त्यामुळे पाने दोन पेट्यांत. घराचं बिजागर सैल झालं तर इंची पाने, इंजिनाचा बोल्ट सैल झाला तर मेट्रिक. "काका, कुठला देऊ?" हा माझा कायमचा प्रश्न आणि "आधी सांग, आपण कुठल्या देशात आहोत?" हे त्यांचं कायमचं उत्तर.

पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा मुलगा तीन प्रश्न विचारतो: कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, कुठलं साल. काका सुरुवातीला खरं सांगत. मग त्या मुलाला कॉम्प्युटरमध्ये विनेबॅगोखाली इंजिन सापडत नसे आणि रेनॉखाली काहीच सापडत नसे. तो मुलगा १९८७ नंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला. आमच्यासमोरच एकाने 'रेनॉ' हा शब्द रेनो असा टाइप केला. नेवाडातलं जुगाराचं गाव निघालं. काकांनी फोनवर स्पेलिंग सांगून पाहिलं: "आर ॲज इन रत्नागिरी." पलीकडे बराच वेळ शांतता होती.

आता ते गाडीचं नाव काढत नाहीत. काढलेला पार्ट पिशवीत घालून नेतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, असला द्या. ही पुण्याच्या नाना पेठेची रीत. नाना पेठेतला दुकानदार पार्टवरून अंगठा फिरवतो, खालचं तेल बोटाला लागलं की पुसतो, "हा नाही मिळणार" म्हणतो आणि तुम्ही पायरी उतरलात की मागून "थांबा, टेम्पोचा बसतोय का बघू" म्हणून माळ्यावरून एक काढतो. इथला मुलगा पार्टला हात लावत नाही. तो पडद्याकडेच बघतो. माणूस प्रामाणिक, मदतीला तयार, पण हात न लावता पार्ट ओळखता येत नाही, आणि माझ्या मते दोन देशांमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे. बाकी रस्ते वगैरे ठीक आहे.

काकांना पहिलं घबाड सापडलं ते जीपमध्ये. १९८५ ते ८७च्या जीप चेरोकीत काही गाड्यांना हेच रेनॉचं २.१ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन होतं. हे कळल्यापासून काकांची नजर बिघडली. ब्रिजवॉटरच्या बालाजीच्या देवळात आम्ही दर्शनाला गेलो, चपला काढल्या आणि मागे बघतो तर काका नाहीत. पार्किंगमध्ये एका जुन्या चेरोकीच्या नळकांड्यापाशी वाकून ते वास घेत होते. "पेट्रोल," ते उठून खिन्नपणे म्हणाले. मग प्रसाद घेतला.

देशातून येणाऱ्यांचीही सुटका नाही. "पुण्याहून काही आणू का?" हा प्रश्न शिष्टाचाराचा असतो, त्याचं उत्तर 'नको रे, तू ये म्हणजे झालं' असं असतं. काका उत्तर म्हणून ड्रॉइंग पाठवतात. गिअरच्या दांड्याच्या जोडातला नायलॉनचा बुश झिजला तेव्हा त्यांनी व्हर्नियरने मापं घेतली, कागदावर तीन बाजूंनी काढला आणि पुतण्याला पाठवला. पुतण्या भोसरीला एका लेथवाल्याकडे गेला. लेथवाला म्हणाला, एकासाठी मशीन लावत नाही, सहा घ्या. पुतण्या भाकरवडीच्या पाकिटांमध्ये सहा बुश घेऊन नेवार्कला उतरला. एक बसला, अगदी चपखल, काका दोन दिवस नुसतेच गिअर बदलत बसले होते. उरलेले पाच त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत. त्याला हिंगाचा नाही पण भाकरवडीचा वास अजून येतो.

आता फ्रिजचं सांगायला हवं. मोटरहोमचा फ्रिज आपल्यासारखा नसतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. खाली गॅसची बारीक ज्योत पेटते आणि वर बर्फ होतो. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, गार होऊन पातळ होतो, पुन्हा वाफ होताना थंडावा देतो आणि परत पाण्यात विरघळतो. अट एकच, गाडी सपाट जागी उभी हवी. कलती राहिली तर आतलं द्रावण अडकतं. काका हे सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा कीर्तनकारासारखा होतो, आणि 'विस्तवावर ठेवलेलं गार होतं' हे निरूपण खरंच कीर्तनात शोभेल असं आहे.

तर तो फ्रिज गार होईना. नवीन कूलिंग युनिटची किंमत ऐकून काका हसले आणि म्हणाले, उलटा करून बघू. या फ्रिजांच्या जुन्या मालकांमध्ये ही विद्या चालत आलेली आहे: फ्रिज काढायचा, डोक्यावर उभा करायचा, दिवसभर ठेवायचा, मग कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. अडकलेलं मोकळं होतं म्हणे. ज्याने आयुष्यभर बजाज तिरकी करून किक मारली त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. मला तर काकांचं सगळं इंजिनिअरिंग त्या तिरक्या स्कूटरमधून आलेलं वाटतं. प्रश्न एवढाच की गॅरेज भरलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी गणपती. फ्रिज हॉलमध्ये मखराशेजारी शीर्षासनात उभा. काकूंनी एक शब्द न बोलता त्याच्या पायांवर, म्हणजे आता डोक्यावर, पैठणीच्या काठाचं कापड टाकलं आणि त्यावर मोदकांचं ताट ठेवलं. आरतीला चाळीस माणसं येऊन गेली. निम्म्यांनी डेकोरेशनचं कौतुक केलं. अनंत चतुर्दशीला फ्रिज परत गाडीत गेला आणि तीन दिवस चक्क गार झाला. चौथ्या दिवशी नाही. त्या तीन दिवसांबद्दल काका अजून बोलतात.

वाडा प्रवासालाही गेला आहे. जुलै २०१७मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्सला होतं. बायको विमानाने गेली. मी बॅटरी धरायला. इंटरस्टेट ८०ने पेनसिल्व्हेनियात चढ चढत होतो. क्लिअरफील्डजवळ पाटी येते की मिसिसिपीच्या पूर्वेला या रस्त्यावरची ही सर्वांत उंच जागा, २२५० फूट. "लोणावळ्याहून थोडीच जास्त," काका म्हणाले, आणि गाडीने आचका दिला. पुन्हा दिला. मग नुसता वारा.

"एअर घेतली," काका म्हणाले. डिझेलच्या नळीला कुठेतरी चीर गेली की इंजिन डिझेलऐवजी हवा ओढतं. बोटभर लांबीचा रबरी तुकडा होता, दाबला की टवका निघत होता. टोइंगवाला म्हणाला गाडी सोडा, विमानाने जा. काकांनी त्याच्याकडे, लग्नात नवरी सोडून जेवायला जा म्हणणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. दोन दिवस आम्ही कॅम्पग्राउंडवर. काकूंनी वाड्यात साबुदाण्याची खिचडी केली, शेजारच्या तंबूतल्या अमेरिकन आजोबांना दिली आणि त्या आजोबांच्या गवत कापायच्या मशीनची नळी मोजून बघितल्यावर तिचा व्यास तंतोतंत निघाला. त्यांनी तुकडा कापून दिला. काका हातपंप दाबत राहिले, मी नट सैल करून बुडबुडे संपायची वाट बघत राहिलो. ग्रँड रॅपिड्सला पोचलो तेव्हा स्टेजवर आभारप्रदर्शन चालू होतं. मला वाटलं काका खट्टू होतील. ते पार्किंगमध्ये चौघांना नळी दाखवत होते.

मी एकदा मुद्दाम हिशेब केला. त्या प्रवासानंतरच्या दोन वर्षांत वाडा साधारण अकराशे मैल फिरला. वाड्याचे पार्टस आणायला काकूंची कॅमरी नऊ हजार मैल फिरली. काकू म्हणाल्या, "मग अमेरिका बघितलीच की आम्ही. भंगारवाल्यांची."

गेल्या उन्हाळ्यात ओहायोत एक दुसरी लेशारो सापडली. त्याच सालची, शेतावर उभी, मालक म्हणाला चालत नाही, ओढून न्या. "पार्टससाठी," काकांनी घरी जाहीर केलं. वसाहतीच्या असोसिएशनचं तक्रारीचं पत्र यायच्या आत ती ड्राइव्हवेवर आली. काकांनी नवीन बॅटरी जोडली (ही दुसरी बॅटरी, गाडीची), ग्लो प्लग गरम होऊ दिले आणि सहज किल्ली फिरवली.

सुरू झाली. पहिल्या फटक्यात.

काका काही बोलले नाहीत. पहिल्याच स्थळाकडून होकार आला की बापाचा होतो तसा चेहरा. काकूंनी आत जाऊन फ्रिज उघडून बघितला, नळ सोडून बघितला, पलंगावर बसून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, मी शाल घेऊन येते. निघू या."

"अगं, उतर. ती पार्टसची आहे."

संध्याकाळपर्यंत नवीन गाडीचा ग्लो प्लगचा रिले आणि पाण्याचा पंप वाड्यात बसला होता. वाडा सुरू झाला नाही. रिले परत नवीन गाडीत बसवला; आता तीही सुरू होईना. मग काकांचा चेहरा एकदम खुलला. गॅरेजमधून दुसरा टॉर्च आला, कारण आता गाड्या दोन. माझी नऊ वर्षांची मुलगी सायकल टाकून बघत उभी होती; काकांनी तो तिच्या हातात दिला आणि गाडीखाली सरकले. ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि काही न विचारता उजेड सरळ नटावर धरला.

"वा!" खालून आवाज आला. "याला म्हणतात धरणं." मग थोडं थांबून, मला: "तू जा रे, चहा घे घरी जाऊन."

मी गेलो नाही. तिच्या मागे उभा राहून माझा टॉर्च उगाच टायरवर मारत राहिलो.