हरिश्चंद्रगडावर सहकुटुंब : खोटं बोलण्याची नियमावली

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, ऐन घाटमाथ्यावर हरिश्चंद्रगड उभा आहे. नाव कुणाचं, तर दिलेल्या शब्दापायी राज्य सोडून स्वतःलाही विकायला निघालेल्या राजाचं. आणि याच गडावर लहान मुलं घेऊन जाणारे आईबाप पायथ्यापासून माथ्यापर्यंत जे खोटं बोलतात, त्याला तोड नाही. ते निदान शिस्तीत बोललं जावं, म्हणून ही नियमावली.

नियम १. वाट. गडावर वाटा पुष्कळ. खिरेश्वरहून टोलार खिंडीची, कोकणातून छाती दडपणारी नळीची. तुम्ही राजूरमार्गे पाचनईला या आणि तिथून चढा. ही सर्वांत सोपी वाट. मात्र ती सोपी म्हणून निवडली, असं कुणालाही सांगू नये. ‘मुलं बरोबर होती ना, नाहीतर नळीनंच जाणार होतो,’ हे वाक्य घरूनच पाठ करून निघावं.

नियम २. हंगाम. ऐन पावसात लहान मुलांना नेऊ नये. कातळ निसरडा होतो, धुक्यात चार पावलांवरचं दिसत नाही. दिवाळीच्या आगेमागे जावं. ‘आम्ही भर पावसातच जायचो’ हे पुढच्या पिढीला सांगायला हरकत नाही. तपासायला कोण येतंय?

नियम ३. ‘आलंच आता.’ मूल पहिल्या दहा मिनिटांत विचारतं, ‘अजून किती?’ उत्तर एकच : ‘ते झाड दिसतंय ना, त्याच्या पुढेच.’ झाडं बदलत राहावीत. वरून उतरणाऱ्या मंडळींना डोळ्यांनी खुणावावं, म्हणजे तेही ‘पाच मिनिटं’ म्हणतात. ही पाच मिनिटं सह्याद्रीतल्या प्रत्येक वाटेवर मिळतात आणि कुठेच संपत नाहीत.

नियम ४. विश्रांती. या नियमावलीचा हा गाभा. दम तुम्हाला लागतो, मूल तर पुढे खेकडा शोधत असतं. अशा वेळी मोठ्यानं म्हणावं, ‘थांब रे सोन्या, दमलास ना!’ मूल ‘नाही दमलो’ म्हणेल. तिकडे लक्ष न देता बसावं. लिंबू सरबत दिसलं की ‘त्याला तहान लागली असेल’ म्हणून स्वतः दोन ग्लास प्यावं. मूल कडेवर घेण्याची वेळ आलीच, तर ते काम मामाकडे द्यावं. मामाला बोलावतात ते त्यासाठीच.

नियम ५. मंदिर. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. शेजारी गुहा, समोर पुष्करणी. इथे बाबांनी इतिहास सांगायचा असतो. शिलाहारांचं नाव घेताच मूल पाण्यातले बेडूक मोजायला जातं. मग चांगदेवांवर यावं. त्यांनी या गडावर तप केलं अशी परंपरा आहे आणि ते चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका. लगेच प्रश्न येतो : ‘मग ते शाळेत किती वर्षं होते?’ पाठोपाठ दुसरा : ‘ते वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेले, तर आपण का चालत आलो?’ दोन्हींचं उत्तर ‘आईला विचार’.

नियम ६. केदारेश्वर. या गुहेत भलंमोठं शिवलिंग आहे आणि त्याच्याभोवती मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत बर्फासारखं पाणी. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तोही पडला की कलियुग संपेल, अशी समजूत आहे. मुलाला हे सांगू नये. सांगितलं, तर ते ‘तेव्हा परीक्षाही संपतील का?’ असं विचारून खांब न्याहाळत बसतं. पाण्यात कुणी उतरायचं हा प्रश्न निघाल्यास ‘मुलाला सर्दी आहे’ म्हणून काठावरूनच हात जोडावेत.

नियम ७. जेवण. माथ्यावर पिठलं-भाकरी मिळते. मूल मॅगी मागतं आणि तीही मिळते. तुम्ही ‘मुलांना गावचं अन्न कळावं’ म्हणून आलेले असता. तेव्हा भाकरीसोबत मुलाचा फोटो काढावा, मॅगी त्याला खाऊ द्यावी आणि फोटो आजीला पाठवावा.

नियम ८. कोकणकडा. इथे वरचे सगळे नियम स्थगित. कडा आत वळलेला आहे, समोर एकदम कोकण उघडतं. १८३५ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथे गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं. पाठीशी ऊन आणि दरीत धुकं असेल तर ते दिसतं. पण मुलाचा हात एका मोठ्या माणसानं घट्ट धरायचा, कडेपासून लांब थांबायचं, दरीत डोकावायचंच असेल तर पोटावर झोपून आणि कुणीतरी पाय धरलेले असताना. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य इथे मुलाच्या नावावर खपवू नये. स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं म्हणावं. गडावरचं तेवढं तरी खरं होऊ द्यावं.

नियम ९. शिखरं. गडाची तीन शिखरं म्हणजे पुरं कुटुंब : हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास. त्यांतलं सर्वांत उंच तारामती, १४०० मीटरच्या वर. आई हे लगेच दाखवून देते. बाबांनी तिथे जाण्याचा विषय ‘मुलं झोपाळली’ म्हणून मिटवावा. मुलं त्या वेळी माकडांच्या मागे धावत असतात.

नियम १०. घरी आल्यावर. मूल गाडीतून उतरताच सायकल काढतं. तुम्ही जिना धरून चढता. शेजाऱ्यांनी विचारलं, तर ‘मुलं फार दमली हो’ म्हणावं आणि दार लावून गुडघ्यांना बाम चोळावा.

मुदत. ही नियमावली मूल साधारण बारा वर्षांचं होईपर्यंतच चालते. त्यानंतर ते पुढे पळतं आणि वरून ओरडतं, ‘बाबा, आलंच आता, त्या झाडाच्या पुढेच!’ तोवर दोनपैकी एक करावं : रोज सकाळी चालायला लागावं, नाहीतर नात्यात कुणाकडे पाळणा हललाय का, याची चौकशी ठेवावी.